रेघेच्या उजवीकडचा बर्फ

वजा एकतीस.
सुओमुसाल्मीच्या उत्तरेला, पाइनच्या रानात
राइलीचं यंत्र उभं आहे:
आठ चाकं, वीस टन, आणि चाल गोगलगायीची.
पडद्यावर पिवळा दिवा, शेजारी एक वाक्य,
फार सभ्य फिनिशमध्ये:
द्रव मिळत नाही. ताकद कमी केली आहे.

कुणी केली, ते लिहिलेलं नाही.
कायदा हल्ली असा बसतो,
बोनेटखाली, मुठीएवढ्या डबीत,
टोपी नाही, पावतीपुस्तक नाही.
दंड मागत नाही,
नुसता हात सैल सोडतो.

द्रव म्हणजे युरिया, शेतात पडतो तोच,
पण पाण्यात विरघळलेला, जरा सोवळ्यातला.
धुराला वाटेत गाठायचं, एवढंच त्याचं काम.
वजा अकराला तो गोठतो.
म्हणून टाकीला गरम नळी, नळीला तार, तारेला सेन्सर,
आणि सेन्सरलाच आज थंडी बाधली आहे.

फोनवर तौनो म्हणतो, दीड तास.
हे सगळं तोडून मोकळं करून देणारा एक जण
कुहमोला आहे.
दोघांनाही ठाऊक आहे. दोघंही त्याचं नाव घेत नाहीत.

ती उतरते. भांडं काढते, बर्फ भरते, स्टोव्ह पेटवते.

बाप तिचा, ईवर्ती, याच रानात लाकूड ओढायचा.
त्याच्या यंत्राला नियम नव्हता, नाव होतं: मुस्ता, म्हणजे काळी.
सकाळी आधी ती खोकायची, मग तो.
झाडांच्या डोक्यावर धुराचा खांब उभा राहायचा,
आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघून सांगायची,
आज तळ्याच्या पलीकडे आहेत, डबा तिकडे ने.
आणि पोर स्की घालून निघायची
चाकोरीशेजारच्या करड्या रेघेवरून.

कॉफीच्या पाण्यावर काजळीची साय धरायची.
चमच्याने तो ती अलगद कडेला सारायचा,
पाहुण्याला वाट करून द्यावी तशी.
"बर्फ रेघेच्या उजवीकडचा घ्यायचा," म्हणायचा,
"वारा डावीकडे जातो."
त्याचा उत्सर्जनाचा नियम हा एवढाच.

एकसष्टाव्या वर्षी गेला.
कागदावर लिहिलं: तंबाखू.
तो कधीच ओढत नव्हता.

आता नियम ब्रसेल्सहून येतो,
पहिला टप्पा, दुसरा, तिसऱ्यात दोन तुकड्या,
मग चौथा, पाचवा,
आणि जुनी यंत्रं मात्र मरेपर्यंत मोकळी.
एका किलोवॅट-तासाला इतकेच कण:
एकावर बारा शून्ये.
राइलीला हसू येतं. मग येत नाही.
हे कण मोजायला बसलेला माणूस,
त्याचा बाप काय काम करत असेल?

फोन वाजतो. तौनो रस्त्यावर पोचलाय.
"कुठे आहेस तू? दिसत नाहीस."
तिच्या नळकांड्यातून निघते ती वाफ,
पांढऱ्या आभाळात पांढरी,
कुणाला खूण म्हणून दाखवायच्या कामाची नाही.
ती वर चढून सगळे दिवे लावते, भोंगा दाबून धरते.

तो पेटीतून केस वाळवायचं यंत्र काढतो,
गुलाबी, बायकोचं,
आणि वीस टनांच्या पोटाशी गुडघे टेकून
वीस मिनिटं ऊन ऊन वारा घालत राहतो.
कुणी पाहिलं तर काय म्हणेल, असं दोघांच्याही मनात.
पिवळा दिवा विझतो. डबीने माफ केलं.

कॉफी झालीय.
"उजवीकडचाच बर्फ घेतलास ना?" तौनो विचारतो,
त्याचाही बाप याच रानातला.
ती मान हलवते,
आणि सवयीने चमचा पाण्यावरून फिरवते.
चमच्यात एक पाइनची सुई येते,
हिरवी.